सादरीकरणाची तयारी स्लाइड्सपासून सुरू करू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही देखभाल विभागात आहात. तीन आठवड्यांनी वरिष्ठांच्या समितीसमोर वीस मिनिटं बोलायचं आहे आणि विषय आहे वर्षभर घेतलेली पंपांची व्हायब्रेशन रीडिंग, म्हणजे पंप किती थरथरतात त्याची मोजमापं. ४२ स्लाइड्स तयार आहेत, त्यातल्या कुठल्या काढाव्यात ते सुचत नाही. बोलायला उभं राहिलं की आवाज कापतो, म्हणून सगळं पाठच करावं का, असंही तुम्ही विचारलं आहे. अभियंते, संशोधक आणि अधिकारी यांच्याकडून अशी तयारी करून घेणं हेच माझं अनेक वर्षांचं काम आहे, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

आधी ती ४२ स्लाइड्सची फाइल बंद करा आणि पहिला आठवडा उघडूच नका. स्लाइड्सपासून सुरुवात केली की आपण नकळत ‘माझ्याकडे काय काय आहे’ याची यादी करत बसतो, आणि वर्षभर राबलेल्या माणसाकडे सांगण्यासारखं पुष्कळ असतं. समितीला त्या यादीशी देणंघेणं नसतं. त्यांना काहीतरी ठरवायचं असतं आणि त्यासाठी जेवढं लागतं तेवढंच त्यांना हवं असतं. म्हणून कोरा कागद घ्या आणि एका वाक्यात लिहा: माझं बोलून झाल्यावर या लोकांनी नेमकं काय करायला हवं?

‘पंपांची सद्यःस्थिती समितीला कळावी’ हे उत्तर चालणार नाही. ‘देखभालीचं महत्त्व पटावं’ हेही नाही. चालेल असं वाक्य असं दिसतं: ‘तिसऱ्या पंपाचं बेअरिंग पुढच्या नियोजित शटडाउनची वाट न पाहता महिनाभरात बदलायला समितीने मंजुरी द्यावी.’ कोणी, काय आणि कधीपर्यंत, हे तिन्ही त्यात आहे. तुमची नेमकी मागणी प्रश्नात आलेली नाही, म्हणून ही मी कल्पिली आहे आणि पुढेही हेच उदाहरण वापरतो. तुमची मागणी दुसरी असेल तर ती घाला, पण ती एका वाक्यात बसलीच पाहिजे. बसत नसेल तर समजा की आपलंच अजून ठरलेलं नाही, आणि आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? अशा वेळी स्लाइड्स कितीही सजवल्या तरी फरक पडत नाही, हे मी फार वेळा पाहिलं आहे.

वाक्य ठरलं की समितीत कोण कोण बसणार ते शोधून काढा. नावं आणि हुद्दे पुरेसे नाहीत, प्रत्येकाची काळजी काय आहे ते लिहा. उत्पादन सांभाळणाऱ्याला ‘पंप किती तास बंद राहणार’ एवढंच हवं असतं. हिशेब पाहणारा विचारतो की हे आत्ताच का, पुढच्या बजेटमध्ये का नको. तांत्रिक बाजू जाणणारा रीडिंग कुठल्या जागी आणि कोणत्या लोडवर घेतली ते विचारतो. या तीन-चार काळज्यांची उत्तरं म्हणजेच तुमच्या बोलण्याचा गाभा, बाकीचं सगळं त्यांच्या आधाराला. आणि शक्य असेल तर सभेच्या आधी त्यांच्यापैकी एकदोघांना पाच मिनिटं भेटून या. ‘मी हे मांडणार आहे, तुम्हाला यात काय पाहायला आवडेल?’ एवढंच विचारायचं. याला काही जण वशिलेबाजी समजतात. मला तो तयारीचा सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग वाटतो. ज्याचा आक्षेप तुम्ही आधीच ऐकून घेतला आहे, तो माणूस सभेत तोच आक्षेप निम्म्या जोराने मांडतो, आणि तुमच्याकडे त्याचं उत्तर तयार असतं.

इथे एका प्रयोगाची आठवण ठेवा. १९९० साली स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन या संशोधिकेने काही जणांना ओळखीच्या गाण्यांची चाल टेबलावर बोटांनी वाजवायला सांगितली आणि समोरच्याने गाणं ओळखायचं होतं. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्मी गाणी तरी ओळखली जातील. प्रत्यक्षात १२० पैकी फक्त ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात शब्द-सुरांसकट सगळं गाणं चालू असतं, ऐकणाऱ्याला नुसती टकटक ऐकू येते. वर्षभर व्हायब्रेशनचे आलेख पाहून तुमच्या डोक्यात जे गाणं तयार झालं आहे, ते समितीच्या डोक्यात नाही. ‘आरएमएस व्हॅल्यू वाढली आहे’ हे तुमच्यासाठी धोक्याची घंटा असेल, त्यांच्यासाठी ती टकटक आहे. त्यामुळे प्रत्येक तांत्रिक वाक्यानंतर स्वतःला विचारा: म्हणजे काय होणार? ‘म्हणजे बेअरिंग निकामी होणार. म्हणजे पंप अचानक बंद पडणार. म्हणजे ठरवून केलेल्या काही तासांच्या कामाऐवजी, सुटा भाग हाताशी नसेल तर काही दिवस काम थांबणार.’ जिथे समितीची काळजी सुरू होते तिथपर्यंत ही साखळी ओढत न्या.

आता क्रम. अभियंते आणि संशोधक जवळपास नेहमी काम ज्या क्रमाने केलं त्याच क्रमाने सांगतात: पार्श्वभूमी, उद्दिष्टं, पद्धत, मोजमापं, विश्लेषण आणि शेवटी निष्कर्ष. प्रबंधात हे ठीक आहे. निर्णय घेणाऱ्यांसमोर हा क्रम मारक ठरतो, कारण पहिली बारा मिनिटं त्यांना हे सगळं कशासाठी ऐकतोय तेच माहीत नसतं. त्या अवधीत कुणी फोन पाहतो, कुणी मध्येच प्रश्न विचारून गाडी भलतीकडे नेतो, आणि मुद्द्याची गोष्ट यायच्या आत वेळ संपते. मागणी पहिल्या मिनिटात सांगा. असं काहीसं:

‘तिसऱ्या पंपाचं बेअरिंग पुढच्या नियोजित शटडाउनपर्यंत टिकेल असं आमच्या रीडिंगवरून दिसत नाही. ते महिनाभरात बदलायला मंजुरी मागण्यासाठी मी उभा आहे. आम्ही कशावरून म्हणतो, बदलायला काय लागेल आणि न बदलल्यास काय होऊ शकतं, हे तीन मुद्दे मी मांडतो.’

एवढ्यात सुरुवात झाली. स्वतःची लांबलचक ओळख, विभागाचा इतिहास, ‘मला ही संधी दिल्याबद्दल’ वगैरे नको. पहिलं मिनिट हा सगळ्यात मोलाचा वेळ असतो, तेव्हा सगळेच तुमच्याकडे पाहत असतात.

एक अपवाद सांगून ठेवतो. समितीचा तुमच्या मागणीला आधीपासून ठाम विरोध आहे हे पक्कं ठाऊक असेल, तर मागणी आधी सांगितल्याने ते कान बंद करतात. मग त्यांनाही मान्य असलेल्या अडचणीपासून सुरुवात करा, म्हणजे ‘मागच्या ब्रेकडाउनमध्ये किती दिवस गेले’ यासारख्या कुणीही नाकारणार नाही अशा गोष्टीपासून, आणि तिथून मागणीकडे या. पण तिथेही पहिल्या तीन-चार मिनिटांत मागणी आलीच पाहिजे.

वीस मिनिटं मिळाली आहेत ना? मजकूर पंधरा मिनिटांचा तयार करा. आधीचा वक्ता लांबतो, प्रोजेक्टर रुसतो, अध्यक्ष दोन शब्द बोलतात आणि तुमची वीस मिनिटं कधीच वीस राहत नाहीत. शिवाय वेळेवर संपवणाऱ्याच्या बाजूने खोली आपोआप झुकते. आणि पंधरा मिनिटांतलंही काय गाळायचं ते आधीच ठरवून ठेवा. ‘आपल्याकडे पाचच मिनिटं आहेत’ असं ऐनवेळी सांगितलं गेलं तर काय बोलाल, त्याची वेगळी तालीम करा. ती तालीम केल्यावर बऱ्याच जणांना वाटतं की खरं सादरीकरण हेच होतं. तसं वाटलं तर ते खरं माना.

स्लाइड्सकडे आता वळू, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण एका स्लाइडवर किती काही अवलंबून असू शकतं याचं सार्वजनिक नोंदीतलं उदाहरण आपल्यासमोर आहे.

१६ जानेवारी २००३ रोजी अमेरिकेच्या नासा या अंतराळसंस्थेचं कोलंबिया अवकाशयान झेपावलं. उड्डाणानंतर सुमारे ८२ सेकंदांनी बाहेरच्या इंधनटाकीवरच्या फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान कक्षेत असतानाच अभियंत्यांच्या गटाने संभाव्य नुकसानीचा अंदाज बांधला आणि तो स्लाइड्सच्या रूपात व्यवस्थापनापुढे ठेवला. त्यातली एक स्लाइड पुढे फार गाजली. तिच्या शीर्षकाचा आशय असा होता की चाचण्यांची माहिती पाहता आपले अंदाज सुरक्षिततेच्या बाजूला झुकलेले आहेत, म्हणजे वाचणाऱ्याला धीर वाटावा असा. खाली मुद्दे, उपमुद्दे, उपमुद्द्यांचे उपमुद्दे अशी उतरंड. आणि सगळ्यात तळाशी, सगळ्यात बारीक पातळीवर, अशी नोंद होती की प्रत्यक्ष परिस्थिती चाचण्यांच्या कक्षेबाहेरची आहे: चाचणीतला तुकडा ३ घनइंचांचा, तर इथे आदळलेला १९२० घनइंचांचा. म्हणजे ६४० पट मोठा! ज्या चाचण्यांच्या आधाराने शीर्षक धीर देत होतं, त्या चाचण्या या प्रसंगाला लागूच पडत नव्हत्या, आणि ही गोष्ट शेवटच्या ओळीत दडली होती. १ फेब्रुवारीला परतताना यान वातावरणात विखुरलं आणि कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर गेले.

अपघाताची कारणं अनेक होती आणि सगळा दोष एका स्लाइडवर टाकणं अन्यायाचं होईल. पण चौकशी मंडळाने ऑगस्ट २००३ च्या आपल्या अहवालात या स्लाइडची मुद्दाम दखल घेतली. माहितीच्या मांडणीचा अभ्यास करणारे एडवर्ड टफ्टी यांचं तिच्याविषयीचं विश्लेषणही अहवालात आहे. ती वाचून एखाद्या वरिष्ठाला हा जिवावरचा प्रसंग आहे हे कळलं नसेल तर ते समजण्यासारखं आहे, असा मंडळाचा सूर होता.

तुमच्या स्लाइड्स तपासताना हे उदाहरण समोर ठेवा. प्रत्येक स्लाइडवर सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कोणत्या ओळीत आहे ते पाहा. ती पहिल्या ओळीत, म्हणजे शीर्षकात नसेल तर तिथे आणा. ‘व्हायब्रेशन मोजणीचे निष्कर्ष’ हे शीर्षक नुसतं फाइलच्या कप्प्याचं नाव आहे, त्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी पूर्ण वाक्य लिहा: ‘तिसऱ्या पंपाचं व्हायब्रेशन सहा महिन्यांत दुपटीहून जास्त वाढलं.’ मग खाली फक्त त्या वाक्याचा पुरावा: एक आलेख, बस. सगळी शीर्षकं एकाखाली एक कागदावर उतरवून वाचा. ती वाचूनच तुमचा युक्तिवाद कळला पाहिजे. जिथे एका शीर्षकावरून दुसऱ्यावर जाताना ठेच लागते, तिथे तुमच्या विचारातच फट आहे. ही कसोटी लावली की ४२ पैकी बहुतेक स्लाइड्स आपोआप गळतात, कारण त्यांना वाक्य सुचतच नाही. ज्या उरतील त्या ठेवा. किती उरल्या याची फिकीर करू नका. ‘मिनिटाला एक स्लाइड’ यासारख्या नियमांत मला फारसा अर्थ दिसत नाही. एका आलेखावर चार मिनिटं बोलावं लागू शकतं आणि तीन फोटो वीस सेकंदांत दाखवून होतात.

गळलेल्या स्लाइड्स फेकू नका. शेवटच्या स्लाइडनंतर त्या जोडून ठेवा आणि त्यांचे क्रमांक एका कागदावर लिहा. कुणी विचारलं, ‘पहिल्या पंपाचं काय?’ तर पॉवरपॉइंटमध्ये स्लाइड शो चालू असतानाच तो क्रमांक टाइप करून एंटर दाबला की थेट ती स्लाइड येते. प्रश्नाला दोन सेकंदांत आलेखासकट उत्तर देणाऱ्यावर समितीचा विश्वास बसतो.

पडद्यावर परिच्छेद लिहून तेच वाचून दाखवण्याची सवय फार पसरली आहे. माणूस पटकन वाचतो आणि आपण सावकाश बोलतो, त्यामुळे तुम्ही दुसऱ्या ओळीवर असता तेव्हा समोरचा सहावी ओळ वाचत असतो आणि त्याला धड काहीच लागत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या रिचर्ड मेयर यांनी चित्र, आवाज आणि मजकूर यांच्या वेगवेगळ्या जोड्या करून शिकण्यावर प्रयोग केले. त्यांत असं दिसलं की चित्राच्या जोडीला नुसतं बोलणं असेल तेव्हा लोकांना जास्त समजतं. तेच बोलणं शब्दशः पडद्यावरही टाकलं की समज कमी होते. ऐकणाऱ्यांची भाषा वेगळी असेल किंवा कुणाला ऐकायला त्रास होत असेल तर मजकूर लागतो, ती गोष्ट निराळी. एरवी पडद्यावर दाखवायचं ते दाखवा आणि सांगायचं ते तोंडाने सांगा.

मग तपशील कुठे जाणार? वेगळ्या टिपणात. दोन-तीन पानांचं सलग गद्यात लिहिलेलं टिपण, ज्यात पद्धत, तक्ते, गृहीतकं सगळं असेल, ते समितीला आदल्या दिवशी पाठवा. अ‍ॅमेझॉनमध्ये जेफ बेझोस यांनी २००४ मध्ये वरिष्ठांच्या बैठकांतून पॉवरपॉइंट काढून लिखित टिपणं आणली आणि बैठकीच्या सुरुवातीला सगळे ते शांतपणे वाचत बसतात. तुम्हाला तेवढं टोक गाठायची गरज नाही, पण त्यामागचं कारण घेण्यासारखं आहे: सलग वाक्यांत लिहिताना ‘म्हणून’, ‘कारण’, ‘तरीही’ हे शब्द वापरावे लागतात आणि कच्चा युक्तिवाद तिथेच उघडा पडतो. स्लाइडवरच्या ठिपक्यांमध्ये तो लपून राहतो. ‘स्लाइड्स इतक्या भरा की नंतर वाचूनही कळल्या पाहिजेत’ अशी मागणी वरून आली तरी हे टिपण पुढे करा. एकाच फाइलने दोन्ही कामं करायला गेलात तर दोन्ही बिघडतात.

आलेखांबद्दल एकच गोष्ट सांगतो, पण ती नेमाने करा. आलेख पडद्यावर आला की निष्कर्षाकडे उडी मारू नका. स्वीडिश डॉक्टर हान्स रॉसलिंग यांनी २००६ मध्ये टेड (TED) या व्याख्यानांच्या मंचावर जगाच्या आरोग्याचे हलते आलेख दाखवले होते, ते पुन्हा पाहा. ते आधी अक्ष समजावून देतात: आडव्या अक्षावर दर स्त्रीमागे मुलं, उभ्या अक्षावर आयुर्मान, प्रत्येक फुगा म्हणजे एक देश आणि फुग्याचा आकार म्हणजे त्याची लोकसंख्या. मग १९६२ सालची स्थिती दाखवतात, आणि त्यानंतरच फुगे हलू लागतात. काय पाहायचं ते आधीच कळलेलं असल्यामुळे सभागृहातल्या कुणाचीही नजर भरकटत नाही. तुमच्या बाबतीत हे असं होईल: ‘आडवी रेघ म्हणजे महिने, उभी म्हणजे व्हायब्रेशन, मिलिमीटर प्रति सेकंदात. ही तुटक रेघ म्हणजे आपली धोक्याची मर्यादा. आता ही निळी रेघ, तिसरा पंप, जानेवारीपासून पाहा.’ आणि मग गप्प बसा. त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी ती रेघ मर्यादेकडे चढताना पाहू द्या. बाकीच्या पंपांच्या रेघा फिक्या राखाडी ठेवा. लाल आणि हिरव्यावर भेद ठेवू नका, पुरुषांत लाल-हिरव्याची गल्लत होणारे बरेच असतात आणि ते सहसा बोलून दाखवत नाहीत.

पाठ करावं का? सगळं पाठ करू नका. पाठ केलेलं भाषण मध्ये एक शब्द निसटला की कोसळतं, आणि समितीत मध्येच प्रश्न येणारच. पहिली चार-पाच वाक्यं आणि शेवटची दोन मात्र झोपेतून उठवलं तरी म्हणता येतील इतकी पक्की करा. सुरुवात पक्की का, तर आवाज सगळ्यात जास्त तेव्हाच कापतो आणि तेव्हा आठवावं लागू नये. मधल्या भागासाठी फक्त मुद्द्यांचा क्रम आणि एका मुद्द्यावरून दुसऱ्यावर जायचं वाक्य लक्षात ठेवा, कारण लोक अडखळतात ते स्लाइड बदलतानाच. ‘रीडिंग वाढलंय हे दिसलं. पण ते बेअरिंगमुळेच कशावरून?’ असा पुढचा प्रश्न स्वतःच विचारून पुढची स्लाइड आणा.

तालीम म्हणजे खुर्चीत बसून स्लाइड्स मनात चाळणं असं समजू नका. उभं राहून, मोठ्याने, घड्याळ लावून बोलायचं. मनात म्हटलेली वाक्यं नेहमीच सुरळीत असतात, तोंडातून निघताना कळतं की ती किती लांब आणि अवघड आहेत. जे वाक्य दोनदा अडखळलं ते तोडा. एकदा फोनवर रेकॉर्ड करून ऐका. स्वतःचा आवाज ऐकणं कुणालाच आवडत नाही, तरी ऐका, कारण ‘म्हणजे’, ‘तर’, ‘ओके’ किती वेळा येतं ते दुसरं कुणी सांगत नाही. एकदा देखभालीचा गंध नसलेल्या माणसासमोर करा आणि शेवटी ‘कसं झालं?’ असं विचारू नका, तो ‘छान’ म्हणेल. ‘मी काय मागितलं?’ असं विचारा. त्याला सांगता आलं नाही तर पहिलं मिनिट पुन्हा लिहा. आणि एका तालमीत मित्राला मुद्दाम मध्येमध्ये तोडायला सांगा.

कापणाऱ्या आवाजाविषयी. तुम्हाला आतून जितकं जाणवतं तितकं ते बाहेर दिसत नाही. धीर द्यायला म्हणून हे सांगत नाही, ते तपासलं गेलेलं आहे. केनेथ सॅविट्स्की आणि थॉमस गिलोविच यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही वक्त्यांना बोलण्याआधी एवढंच समजावून दिलं की तुमची घालमेल समोरच्यांना वाटते तितकी कळत नाही. ज्यांना हे सांगितलं होतं त्यांची भाषणं बघणाऱ्यांनाही जास्त चांगली वाटली. दुसरं, शांत व्हायचा अट्टहास सोडा. हार्वर्डच्या अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ च्या शोधनिबंधात दाखवलं की भाषणाआधी ‘मी शांत आहे’ म्हणणाऱ्यांपेक्षा ‘मला उत्साह वाटतोय’ म्हणणाऱ्यांची भाषणं जास्त परिणामकारक ठरली. धडधड तीच असते, तिला नाव कोणतं देता त्याने फरक पडतो. प्रत्यक्षात एवढं करा: उभं राहिल्यावर लगेच बोलू नका, पाय स्थिर करा, श्वास पूर्ण बाहेर सोडा, एका माणसाकडे पाहा आणि त्याच्याशी पहिलं वाक्य बोला. हातात कागद धरू नका, हात थरथरत असेल तर कागद ते मोठं करून दाखवतो. पाणी जवळ ठेवा. घोटभर पाणी पिणं ही थांबण्याची सगळ्यात सभ्य सबब आहे.

या निमित्ताने एक गैरसमज दूर करतो, कारण प्रशिक्षणवर्गांत तो हमखास कानावर येतो: ‘संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि देहबोलीचा ५५ टक्के.’ हे आकडे अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांतून आले आहेत. ते प्रयोग एकेक सुटा शब्द, तो उच्चारण्याचा सूर आणि चेहऱ्याचे फोटो यांवरून समोरच्याच्या भावना ओळखण्याचे होते. सगळ्या संवादाला हे आकडे लागू होत नाहीत असं त्यांनी स्वतःच स्पष्ट केलं आहे. तुमच्या रीडिंगला काय अर्थ आहे हे समितीला तुमच्या शब्दांतूनच कळणार आहे. तेव्हा हातवारे कसे करावेत याच्या चिंतेत वेळ घालवू नका. मुद्दा पक्का असला आणि तुम्ही पडद्याऐवजी माणसांकडे पाहत असलात की हात आपापले चालतात.

खोलीची तयारी पटकन सांगतो. आदल्या दिवशी किंवा निदान तासभर आधी त्याच खोलीत, त्याच मशीनवर फाइल उघडून पाहा. फाइल मराठीत असेल तर दुसऱ्या मशीनवर फाँट नसल्यामुळे जोडाक्षरं फुटतात, काना-मात्रा भलतीकडे जातात. म्हणून पीडीएफ प्रत पेनड्राइव्हवर आणि ईमेलमध्ये ठेवाच. शेवटच्या रांगेतून आलेख वाचता येतो का ते जाऊन पाहा. आणि प्रोजेक्टर मुळीच चालला नाही तर काय, याचं उत्तर म्हणजे मुख्य आलेखाच्या छापील प्रती. पाच-सहा कागद सोबत असले की तुमचं काही अडत नाही.

बोलताना सगळ्यात जास्त उपयोगी पडते ती शांतता, आणि तीच लोकांना सगळ्यात अवघड जाते. महत्त्वाचा आकडा सांगितला की दोन-तीन सेकंद थांबा. तुम्हाला ते फार लांबलेलं वाटेल, ऐकणाऱ्याला तो आकडा पचवायला तेवढा वेळ लागतोच. सगळ्यांचं लक्ष स्वतःकडे हवं असेल तेव्हा कीबोर्डवरचं इंग्रजी बी दाबा, पॉवरपॉइंटचा पडदा काळा होतो. पुन्हा दाबलं की स्लाइड परत येते. मागणी मांडताना मी हे आवर्जून करायला लावतो.

आणि मध्येच कुणी वरिष्ठ म्हणाले, ‘हे सगळं ठीक आहे, खर्च किती ते सांगा,’ तर ‘ते पुढच्या स्लाइडवर येतंय’ असं म्हणू नका. तिथल्या तिथे आकडा सांगा, हवं तर खर्चाच्या स्लाइडवर जा, आणि मग विचारा, ‘हा आकडा कशातून आला ते दाखवू का?’ तुमचा क्रम बिघडेल, बिघडू द्या. ज्याला उत्तर हवं आहे त्याला थांबवून ठेवलं की त्याचं कान देणं तिथेच संपतं.

प्रश्नोत्तरांची तयारी भाषणाइतकीच करावी लागते, कारण निर्णय बहुधा त्या दहा मिनिटांत होतो. येऊ शकतील असे सगळे प्रश्न लिहा. त्यातले जे कुणी विचारू नयेत असं मनापासून वाटतं, त्यांची उत्तरं सगळ्यात आधी तयार करा. तुमच्या उदाहरणात तो प्रश्न बहुधा हा असेल: ‘रीडिंग वाढलं तरी पंप चालतोय ना? मग थांबू या की.’ याला घाबरून धोका फुगवून सांगू नका. ‘नेमका कोणत्या दिवशी बिघडेल हे आम्ही सांगू शकत नाही. पण रीडिंग या वेगाने वाढत राहिलं तर मर्यादा शटडाउनच्या आधी ओलांडली जाईल, आणि तेव्हा वेळ निवडणं आपल्या हातात राहणार नाही,’ हे प्रामाणिक उत्तर आहे आणि तेच टिकतं. प्रश्न पूर्ण ऐका, मध्ये तोडू नका. मोठी खोली असेल तर तो सगळ्यांसाठी एकदा म्हणून दाखवा. उत्तर आधी एका वाक्यात द्या, मग कारण. माहीत नसेल तर ‘हे आत्ता माझ्याकडे नाही, उद्या दुपारपर्यंत पाठवतो’ म्हणा आणि सगळ्यांसमोर वहीत लिहून घ्या. अंदाजे ठोकलेलं एक उत्तर चुकीचं निघालं तर त्याच्यासोबत तुमची खरी रीडिंगही संशयात येतात.

शेवट प्रश्नांवर सोडू नका. शेवटचा प्रश्न अनेकदा किरकोळ असतो आणि मग लोक तोच डोक्यात घेऊन उठतात. ‘आणखी प्रश्न नसतील तर एक मिनिट घेतो’ असं म्हणून मागणी पुन्हा, पहिल्या वाक्यातल्याच शब्दांत सांगा आणि थेट विचारा: ‘हे काम महिनाभरात करायला समितीची मंजुरी आहे का? नसेल तर मंजुरीसाठी आणखी काय पाहावं लागेल?’ हे विचारायला धीर लागतो. पण याशिवाय उठलात तर ‘छान काम केलंत, विचार करू’ एवढ्यावर विषय संपतो. पडद्यावर ‘धन्यवाद’ लिहिलेली स्लाइड नको. प्रश्नोत्तरं चालू असताना मागणीची स्लाइडच समोर राहू द्या, म्हणजे पूर्ण वेळ सगळ्यांच्या डोळ्यांपुढे तीच राहील.

त्याच दिवशी संध्याकाळच्या आत समितीला छोटा मेल पाठवा: काय ठरलं, कोणी काय करायचं, कधीपर्यंत, आणि जे प्रश्न वहीत लिहून घेतले होते त्यांपैकी जेवढ्यांची उत्तरं मिळाली तेवढी. उरलेली कधी देणार ती तारीखही घाला.

तुमच्या मागणीचं एक वाक्य आणि स्लाइड्सच्या शीर्षकांची यादी तयार झाली की मला पाठवा, मी वाचून कुठे अडखळतंय ते सांगेन. मूळ स्लाइड्स आत्ताच पाठवू नका.